हुशार मूल कुठंही शिकतं?

प्रश्न : आमचं गाव केज तालुक्यात, जिल्हा बीड. गावात शाळा दहावीपर्यंत. थोरली मुलगी यंदा नववीत आहे, वर्गात पहिली-दुसरी असते. धाकटा तिसरीत आहे. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी पोरांसाठी लातूरला खोली केली. आई पोरांजवळ, बाप गावाकडं शेतात. दहावी झाली की आपणही तसंच करू, असं बायको म्हणते. वडील म्हणतात, हुशार लेकरू कुठंबी शिकतं, गाव सोडायची गरज नाही. खरंच जागेनं एवढा फरक पडतो का? यावर कुणी शास्त्रीय अभ्यास केला आहे का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : तुमच्या वडिलांचं निम्मं म्हणणं अगदी खरं आहे. हुशारी कुठल्याही गावात जन्माला येते. पण ती हुशारी पदवीपर्यंत पोचायची तर मध्ये बऱ्याच गोष्टी याव्या लागतात: चालत जाता येईल अशी शाळा, संध्याकाळी घरी परत आणणारी एसटी, अकरावीला विज्ञान शिकवणारं कॉलेज, आणि शेजारच्या घरात आधी शिकून गेलेली एखादी ताई. यातली एकही गोष्ट तुमच्या मुलीच्या हातात नाही. त्या सगळ्या जागेच्या आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, फरक पडतो आणि बराच पडतो. मात्र तो कधी आणि कशातून पडतो हे पाहिल्याशिवाय खोलीचं डिपॉझिट देऊ नका.

अभ्यास झाला आहे का, असं तुम्ही विचारलंत. झाला आहे, पण तो करणं अवघड होतं. लातूरला गेलेली मुलं आणि गावात राहिलेली मुलं यांचे निकाल नुसते शेजारी ठेवले, तर लातूरची मुलं पुढे दिसणारच. पण खोली करणारं घर मुळातच थोडं सावरलेलं असतं, शिक्षणाची ओढही त्या घरात जास्त असते. मग श्रेय लातूरचं की घराचं, हे कसं ठरवायचं?

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात सरकारनं यावर एक मार्ग काढला. बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या अतिशय गरीब वस्त्यांमधली सुमारे ४,६०० कुटुंबं या प्रयोगात आली. त्यांच्यात चक्क चिठ्ठ्या टाकल्या. काहींना घरभाड्यासाठी मदत मिळाली, पण अट अशी, की घर कमी गरिबीच्या वस्तीतच घ्यायचं. काहींना बिनअटीची मदत मिळाली, काहींना काहीच नाही. कोण जाणार हे नशिबानं ठरल्यामुळे नंतर दिसणारा फरक जागेचाच, असं म्हणता येणार होतं.

पहिली काही वर्षं हाती निराशाच आली. मोठ्यांचं मन स्वस्थ झालं, पण त्यांची कमाई वाढली नाही आणि मुलांच्या परीक्षेतल्या गुणांतही विशेष फरक दिसला नाही. अनेकांनी प्रयोग फसला असं मानलं. मग २०१६ साली राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांचा पुन्हा शोध घेतला. तेरा वर्षांची होण्याआधी जी मुलं चांगल्या वस्तीत राहायला गेली होती, ती कॉलेजात जास्त प्रमाणात गेली होती आणि विशीच्या मध्यावर त्यांची कमाई गरीब वस्तीत राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त होती. जी तेरा वर्षं उलटल्यावर गेली, त्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. नव्या जागेचा लाभ तिथं घालवलेल्या वर्षांच्या हिशेबानं साचत जातो. ओळखीचे मित्र, शिक्षक, रस्ते सुटण्याचा धक्का मात्र पहिल्याच दिवशी बसतो. मोठ्या मुलाला तो भरून काढायला वर्षंच उरत नाहीत.

शिकागोची वस्ती वेगळी आणि केज तालुका वेगळा, तेव्हा ३१ टक्के हा आकडा उचलून तुमच्या अंगणात आणता येणार नाही. पण वयाचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या पत्रात सगळी काळजी नववीतल्या लेकीची आहे आणि धाकट्यावर एकच वाक्य खर्ची पडलं आहे. परिसराचा परिणाम ज्या वयात सगळ्यात खोल होतो, त्या वयात आत्ता तो तिसरीतला मुलगा आहे. त्याच्या वर्गाला पुरेसे शिक्षक आहेत का, त्याला सलग वाचता येतं का, वजाबाकी-गुणाकार जमतो का, हे आधी पाहा. दहावीनंतर लातूरला होणाऱ्या खर्चाचा अगदी छोटा भाग आत्ता त्याच्यावर, म्हणजे पुस्तकांवर आणि संध्याकाळी त्याच्याजवळ बसणाऱ्या एखाद्या शिकलेल्या माणसावर खर्च झाला, तर त्याचं मोल पुढे दोन वर्षांच्या क्लासपेक्षा जास्त ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

आता लेकीचं पाहू. तिच्या वाटेत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर. शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाच्या बाजूनं उभा राहतो. आपल्याकडे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा दंडक आहे. त्यापुढे शाळा किंवा कॉलेज घरापासून किती लांब असावं, याबद्दल कायदा गप्प आहे. नेमकं त्याच वयात मुलगी मोठी दिसायला लागते, रस्त्याची भीती वाटायला लागते आणि नातेवाईक स्थळं सांगायला येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत तुमचा बीड जिल्हा आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. कॉलेज लांब असलं की शिक्षण थांबतं आणि शिक्षण थांबलं की लग्न ठरतं. हा क्रम आपण इतक्या घरांत पाहिला आहे, की तो जणू निसर्गाचाच नियम वाटू लागतो. तसा तो नाही.

बिहारनं ते दाखवून दिलं. तिथल्या सरकारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा परिणाम मोजला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. ही वाढ मुख्यतः शाळेपासून लांब असलेल्या गावांमध्ये दिसली. म्हणजे शाळा तीच, शिक्षक तेच, मुलींची बुद्धीही तीच. फक्त गाव आणि शाळा यांमधला रस्ता पार करता येऊ लागला. घोळक्यानं सायकलवरून शाळेला निघालेल्या मुली रोज रस्त्यावर दिसू लागल्या, की गावाची नजरही बदलते. आपल्याकडे ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, तो अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. मागास तालुक्यांत मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या बसही सुरू झाल्या. पासाची योजना मला आपल्या राज्यातल्या फार चांगल्या योजनांपैकी एक वाटते. पण पास हातात असून बस वेळेवर नसेल, तर त्या पासाचा उपयोग काय? चौकशी करायची तर इथून करा: तुमच्या गावाहून केजला किंवा अंबाजोगाईला कॉलेजच्या वेळेत जाणारी आणि अंधार पडायच्या आत परत आणणारी गाडी आहे का? अंबाजोगाई जुनं शिक्षणाचं गाव आहे. योगेश्वरी महाविद्यालय तिथं आहे आणि आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयही तिथंच आहे. लातूरचं नाव मोठं झाल्यामुळे जवळचं अंबाजोगाई डोळ्याआड होतं.

लातूरबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो, कारण परिसर कसा घडतो हे त्या शहराकडे पाहून कळतं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला इंटरपुढे शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम होतं उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलासाठी अंतर असं दुहेरी होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या किती घरांत पहिला पदवीधर त्याच्या नागसेनवन परिसरातून आला! मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. ना मोठे कारखाने, ना पाणी. २०१६ च्या दुष्काळात याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून द्यावं लागलं होतं. अशा गावात १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य होते डॉ. जनार्दन वाघमारे. तिथं आणि शहरातल्या इतर कॉलेजांत, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एक पद्धत रुजली: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, परीक्षेमागून परीक्षा घेऊन पेपर सोडवून घ्यायचे आणि शिक्षकांनी एकेका मुलावर लक्ष ठेवायचं. तेव्हा बोर्ड गुणवत्ता यादी जाहीर करत असे आणि त्या यादीत मुंबई-पुण्याची सद्दी होती. त्या यादीत लातूरची नावं झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झालं. पुढे त्याभोवती क्लास, खानावळी, मुलींची वसतिगृहं, अभ्यासिका, जुनी पुस्तकं विकणारी दुकानं अशी अख्खी वस्ती उभी राहिली. आज तिथं जाणाऱ्या मुलाला हे सगळं आयतं मिळतं, आणि आपल्यासारखीच खेड्यातून आलेली, आपल्याच बोलीत बोलणारी, त्याच परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं भोवती मिळतात. माझ्या मते लातूरचं खरं बळ यात आहे.

आणखी एक गोष्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. राज्यात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागात बारावी झालेल्या मुलांना, तीस टक्के उरलेल्या राज्याला. मराठवाड्यात वैद्यकीय कॉलेजं कमी, म्हणून जागाही कमी. तेवढेच गुण मिळवून दुसऱ्या विभागातला मुलगा डॉक्टर व्हायचा आणि इथला राहून जायचा. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. मुलाचा प्रदेश त्याच्या भविष्यावर परिणाम करतो, हे तेव्हा सरकारी नियमातच लिहिलेलं होतं.

तरीही लातूरला दोन वर्षांसाठी जाणं आणि लहानपण चांगल्या परिसरात जाणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. सोळाव्या वर्षी लातूरला गेलेल्या मुलीला शिकवणी मिळेल, सोबत मिळेल, तयारीचा वेग मिळेल. नववीपर्यंत गणिताचा पाया कच्चा राहिला असेल, तर तो वेगच तिला जड जाईल. म्हणून माझा सल्ला असा. पुढची दीड-दोन वर्षं तिचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी पक्कं करण्याला द्या. तिला काय शिकायचं आहे, हे तिला विचारा. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं कुठंच आलं नाही, ते मला खटकलं. डॉक्टर व्हायचं असेल तर लातूर, नसेल तर अंबाजोगाईतही तिची सोय होऊ शकेल. लातूरच ठरलं, तर आईनं घर सोडण्याआधी मुलींच्या वसतिगृहाचा विचार करा. आई तिकडे गेली की धाकट्याची आई जाते, शेतातले दोन हात जातात आणि सगळ्या घराचं ओझं ‘तुझ्यासाठी केलं’ म्हणून एका सोळा वर्षांच्या मुलीवर येतं. नीट चालणारं वसतिगृह आणि महिन्यातून एकदा भेटायला येणारे आईवडील, हे तिच्या मनाला जास्त हलकं वाटेल. पैशाची अडचण असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि इतर मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. कोणती कोणत्या वर्गापासून लागू होते, ते कॉलेजच्या कार्यालयात आधीच विचारून ठेवा. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली आहे. फी माफ झाली तरी खोलीभाडं आणि डबा माफ होत नाही, तेव्हा बचत त्या खर्चासाठी ठेवा.


प्रश्न : दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. आम्ही चाकरमानी मंडळी मुंबईत बसून अभिमानानं ही बातमी वाचतो. मग ही पास झालेली मुलं पुढे जातात कुठं? डॉक्टर, संशोधक, मोठे अधिकारी यांच्यात ती एवढी दिसत कशी नाहीत?
– लालबागचे एक वाचक, मूळ गाव राजापूर तालुक्यात

उत्तर : बहुतेक मुंबईला जातात, तुम्ही गेलात तशीच. निकालाची टक्केवारी शाळेबद्दल सांगते. मुलाची पुढची वाट त्याच्या मुलखाबद्दल सांगते. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात, विद्यार्थी कमी, शाळा लहान, आणि वाडीवरल्या शाळेत गुरुजी-बाईंना प्रत्येक मुलाचं घर ठाऊक असतं. कोण दोन दिवस आलं नाही, हे लगेच कळतं. पास होण्यासाठी ही ओळख फार उपयोगी पडते.

पण बारावीनंतर काय? रत्नागिरीचं गोगटे जोगळेकर महाविद्यालय १९४५ सालचं, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. ही दोन्ही नावं अभिमानाची आहेत, पण एवढ्या लांबलचक किनारपट्टीला ती पुरणार कशी? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं तर या दोन जिल्ह्यांत अगदी अलीकडच्या काही वर्षांत आली. पदवीचं विद्यापीठ आजही मुंबईचं. सावंतवाडीतल्या मुलाच्या विद्यापीठाचं मुख्य कार्यालय पाचशेच्या आसपास किलोमीटरवर असतं. त्याच वेळी मुंबईत काकाची खोली असते, मामाचं दुकान असतं, गाववाल्यांचं मंडळ असतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा वाडीतला तरुण गाववाल्यांच्या गाळ्यात पथारी टाकून कामाला लागायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण ती वाट राहिली. मुलगा बारावी होतो आणि आधी मुंबईत मिळणाऱ्या कामाचा विचार करतो, कारण त्याच्या आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या माणसानं तेच केलं आहे. अभ्यासाची कुवत त्याच्यात आहे, हे निकालानं सिद्ध केलेलं असतं. फक्त पुढे दहा वर्षं शिकून काय होता येतं, हे जवळून दाखवणारं माणूस त्याला भेटलेलं नसतं.

याच गोष्टीचं उलट टोक साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात दिसतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. आजही तिथलं लहान मूल पळण्याचा सराव करत मोठं होतं, कारण घराघरात फौजी आहे, भरतीची तारीख कुणाला विचारायला जावं लागत नाही. तुमच्या राजापुरात आंबा, मासे, समुद्र, लाल माती, कातळशिल्पं यांच्यावर अभ्यास करणारं कुणी मुलांना भेटलं, तर काय होईल? चाकरमानी गणपतीला गावी जातात, शाळेला पंखा किंवा संगणक भेट देतात, ते चांगलंच आहे. तुमच्यातल्या शिकलेल्यांनी एक-एक दिवस शाळेत बसून मुलांना आपलं काम सांगितलं, तर तुमच्या प्रश्नाच्या उत्तराला सुरुवात तिथून होईल.


प्रश्न : मी गोवंडीत राहते. बारावी सायन्स. घर दहा बाय बाराचं, माणसं सहा. समोर दिवसभर लाउडस्पीकर असतो. कॉलेजात पत्ता सांगितला की मुली एकमेकींकडे बघतात. परिसराचा परिणाम होतो असं म्हणतात, मग मी कितीही अभ्यास केला तरी काय उपयोग?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : उपयोग आहे. आणि तू ज्याला तोंड देते आहेस, ते खरोखर अवघड आहे, हे मी आधी मान्य करतो. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात तुमचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. कचऱ्याचा डोंगर, पाण्याची टंचाई, सातवी-आठवीला संपणाऱ्या पालिकेच्या शाळा. त्याच शहरात थोड्या अंतरावर मुलांना वेगळी अभ्यासाची खोली असते. तुझी स्पर्धा त्यांच्याशी होते आणि गुणपत्रिकेवर दहा बाय बाराचा उल्लेख कुठंच येत नाही. हा अन्याय आहे. त्याला अन्यायच म्हणायचं, स्वतःची कमतरता म्हणायची नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण मुलांना नेहमी देतात, ‘त्यांनी चाळीत राहून केलं, मग तुला का जमत नाही?’ असं म्हणून. हा वापर मला पटत नाही. परळच्या चाळीतल्या त्यांच्या घरातही झोपायला पुरेशी जागा नव्हती, हे खरं. पण ते एकटे पुढे गेले नाहीत. त्यांना रात्री उठवून अभ्यासाला बसवणारे वडील होते. एल्फिन्स्टन हायस्कूल होतं. चर्नी रोडची बाग होती, जिथं बसून ते वाचत. तिथंच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचं शिक्षण होऊ शकलं. बुद्धी त्यांची अलौकिक होतीच, पण त्यांच्यासारख्या माणसालाही एक बाग, एक शिक्षक आणि एक शिष्यवृत्ती लागली.

म्हणून तू याच तीन गोष्टी शोध. जागा: पालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका, कॉलेजचं ग्रंथालय, तिथं परीक्षेपर्यंत रोज ठरलेल्या वेळी बस. घरातला आवाज बंद करता येत नसेल, तर घराबाहेरचे दोन शांत तास पक्के कर. शिक्षक: कॉलेजातल्या एका तरी बाईंना किंवा सरांना तुझी परिस्थिती स्पष्ट सांग. बहुतेक शिक्षकांना मदत करायची असते, पण साठ-सत्तर मुलांत त्यांना कोण कुठून येतं ते कळत नाही. आणि पैसा: शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीच्या आधी भर, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसील कार्यालयात रांगा लागतात. पत्ता विचारला तर सरळ सांग. तुझ्या गल्लीतल्या धाकट्या मुली तुला पुस्तकं घेऊन जाताना रोज पाहतात. आज त्यांच्या परिसरातली शिकणारी ताई तू आहेस.


प्रश्न : मी आष्टी तालुक्यातल्या एका गावात शिक्षक आहे. दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जातो. परिसर एवढा महत्त्वाचा असेल, तर गावानं काय करावं? सरकारची वाट बघत बसायची का?
– एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, तुमच्यापुढचा प्रश्न या सगळ्यांत सर्वांत कठीण आहे, कारण तुमच्या मुलांना एक परिसरच नाही. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून आगाऊ उचल घेते आणि मार्च-एप्रिलपर्यंत लेकरं फडावर, पालात. धाकट्याला सांभाळायला थोरली शाळा सोडते. यावर आजवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप गेले तरी मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, शाळा व्यवस्थापन समिती जेवणाची सोय करते आणि वर्ग भरलेला राहतो. मात्र प्रस्ताव उशिरा गेला, तर मंजुरी येईपर्यंत ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. यादी पोळ्याच्या सुमारासच करा, मुकादमांकडून कोण कुठं जाणार ते आधीच काढा, आणि उचल घेतलेल्या प्रत्येक घरात दसऱ्याआधी स्वतः जाऊन या. आईला एकच विचारा, लेकरू कुणाकडं ठेवशील. उत्तर बहुधा तिच्याकडे असतं, तिला फक्त जेवणाची आणि थोरल्या मुलीच्या सुरक्षिततेची खात्री हवी असते.

आपल्या महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली, कारण नुसती शाळा काढून खेड्यातलं मूल तिथं पोचत नाही, हे त्यांना दिसलं होतं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्यांनी १९१७ साली काढला, म्हणजे वसतिगृहं आधी आली. त्याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि १९२४ साली साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. राज्यातल्या ग्रामीण शिक्षणाची मांडणी या खोल्यांमधून झाली.

जी मुलं गावात असतात, त्यांच्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावनं २०२२ साली केलेली गोष्ट पाहा. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. मुलं पुस्तक घेऊन बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा बोलत बसतात. आधी काहींनी कुरकुर केली. गावातल्या बाया, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा ते बसलं. एका घरानं टीव्ही बंद केला तर शेजारच्या मालिकेचा आवाज येतोच. सगळ्या गावानं केला तरच शांतता होते.

तुमच्या गावात निम्मी घरं सहा महिने कुलूपबंद असतात, तेव्हा भोंग्यापेक्षा आधी एसटीचं बघा. तालुक्याच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलामुलींची नावं, शाळा सुटण्याची वेळ आणि आत्ता गाडी किती वाजता येते, हे एका कागदावर लिहा. ग्रामसभेचा ठराव जोडा, दोन-चार आयांना सोबत घ्या आणि आगार व्यवस्थापकांना भेटा. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव त्याच फेरीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन त्याची पोच घ्या.